पालथी काहील

"माइक परत द्या, मॅडम," आयोजकांचा माणूस दुसऱ्यांदा म्हणाला. अंतरानं माइक दिला नाही.

ट्रेलर नुकताच संपला होता. कोल्हापूरचं ते थिएटर शिट्ट्यांनी दणाणत होतं. ट्रेलरच्या शेवटी तानूचं प्रेत पुराच्या पाण्यावर तरंगत येतं, आणि तिचा नवरा काठावर गुडघे टेकून हंबरडा फोडतो. ते बघितलं आणि अंतरा ताडकन उठली होती.

"तानू मरत नाही," ती स्टेजकडे बघून म्हणाली. "तुम्ही तिला मारलंत."

अंतरा जयसिंगपूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. सिनेमाचं वेड तिला लहानपणापासूनचं. नवा ट्रेलर आला की ती तो थांबवून थांबवून बघायची, कोण कुणाचा खून करणार ते आधीच ओळखायची आणि त्याचे व्हिडिओ करून टाकायची. बऱ्याचदा चुकायचीही. लोक हसायचे, तीही हसायची. पण हा सिनेमा ज्यावर बेतला होता ती जोतीराम मास्तरांची कादंबरी म्हटली की हसणं बंद. अकरावीत असताना तिनं ती पहिल्यांदा वाचली. तेव्हापासून किती वेळा वाचली, याची मोजदाद तिनंही ठेवली नव्हती.

कादंबरीतली तानू रोज नवऱ्याचा मार खाते. एका पावसाळ्यात नदीचं पाणी गुऱ्हाळघरात शिरतं आणि गूळ शिजवायची भली मोठी लोखंडी काहील तरंगायला लागते. तानू तिच्यात बसते आणि हातात सापडेल त्या फळीनं ती नदीत लोटते. शेवटच्या पानावर मास्तरांनी एवढंच लिहिलंय: 'तिसऱ्या दिवशी पैलतीरावर काहील सापडली. रिकामी. पालथी.'

पुढं कोरं पान. मास्तरांनी शेवट कुणाला सांगितला नाही, आणि एक दिवस ते गेले. वाचक चाळीस वर्षं भांडत राहिले. कुणी म्हणे तानू बुडाली. कुणी म्हणे ती मुळात नव्हतीच, नवऱ्याच्या डोक्यातला भास होता. आता सिनेमा येणार म्हटल्यावर मोबाइलवर तर रोज नवा तर्क निघत होता.

"हे बघा," दिग्दर्शक धवल समजुतीच्या सुरात म्हणाला. तो मुंबईहून आला होता. "पुस्तक पुस्तकाच्या जागी, सिनेमा सिनेमाच्या जागी. प्रेक्षकाला शेवट लागतो."

"लागू दे की. पण खोटा कशाला?"

"खोटा कशावरून? काहील पालथी झाली, बाई बुडाली. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"शाळेच्या हौदात मी सात वेळा करून पाहिलंय," अंतरा म्हणाली. "लोखंडी कढई पाण्यात उलटली की थेट तळाला जाते. पुरात तळाला गेलेली काहील तिसऱ्या दिवशी काठावर येऊन बसत नाही. ती सुलटीच काठाला लागली. मग कुणीतरी ती पालथी घातली. आणि तेवढी काहील एकट्या बाईला हलत नाही, पाच-सहा माणसं लागतात. म्हणजे पलीकडं माणसं होती. त्यांनी तानूला उतरवून घेतलं."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, तास संपला!" आणि सगळं थिएटर खदखदून हसलं.

धवलही हसला. "थिअरी छान आहे. पण मास्तर आता नाहीत, आणि तानू कागदावरची. सिद्ध कोण करणार?"

माइक बंद झाला. अंतराचे कान तापले. बसून घ्यावं असं एकदा वाटलं. तेवढ्यात पडद्यावर ट्रेलर पुन्हा लागला आणि पुन्हा तो नवरा गुडघ्यावर आला. अंतरानं मेलेला माइक खुर्चीवर टाकला आणि उघड्या गळ्यानं ओरडली, "जगलेल्या बाईला मारताय आणि मारणाऱ्याला रडायला लावताय! उद्या लोक ह्याच्यासाठी डोळे पुसतील. लाज वाटू दे जरा!"

"पोरगी बरोबर बोलत्या."

आवाज तिच्याच रांगेतून आला. टोकाच्या खुर्चीवरची एक म्हातारी पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठत होती. सकाळीच मुरगूडहून एसटीनं आलेली, चिमणाबाई नाव. आत येताना तिनं अंतराला एवढंच विचारलं होतं, "तानूचा शिनेमा हितंच हाय न्हवं?"

"सहा माणसं व्हती," चिमणाबाई म्हणाली. "उताणी ठिवली असती तर पावसाचं पाणी साचून गंजली असती काहील. म्हनून पालथी घातली."

"आजी, पुस्तकात असं कुठंही लिहिलेलं नाही," धवल म्हणाला.

"मला कुठं वाचाय येतंय?"

अंतरा वळून म्हातारीकडं बघत राहिली. धवल स्टेजच्या कडेपर्यंत पुढं आला.

"मग शेवट तुम्हाला कुणी सांगितला?"

"मला कोन सांगणार? मीच मास्तरास्नी सांगितलं, समदं लिव्हा, पर शेवट तेवढा लिव्हू नगा, न्हाईतर त्यो मला हुडकत यील." चिमणाबाईनं पदर डोक्यावर सारखा केला आणि मान ताठ केली. "नवरा माझा शिकलेला व्हता. लई पुस्तकं वाचायचा."