आतून कडी

सोमवारी दुपारी चार वाजता मोना बारामतीतल्या एका परमिट रूममध्ये शिरली आणि गल्ल्यावरच्या माणसाला तिनं विचारलं, "संडासाला आतनं कडी हाय का?"

माणसानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "पार्सल न्यायचंय का, मॅडम?"

"कडी हाय का?"

कडी नव्हती. दारात तीन पायऱ्या होत्या, तिन्ही गुळगुळीत. मोनानं स्कूटी वळवली.

दुसरा बार इंदापूर रस्त्यावर होता. आत लाल-निळे दिवे आणि बाकी काळोख. मॅनेजर म्हणाला, "अंधार गिऱ्हाइकालाच पायजे असतो."

"आमच्या माणसाला नको. अंधार झाला आता बास."

"मालकांसाठी बघताय व्हय?"

मोनानं तोवर हेल्मेट चढवलं होतं.

पंधरवड्यापूर्वी शेतातल्या मोटारीच्या खोलीत, पाइपांच्या मागं, तिला क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या होत्या. पोतंभर. गावातलं दारूचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली होती. ते बंद पाडलं होतं तिच्या सासूनं, कुशाबाईंनी. बायकांचं मतदान झालं, बंदीची खूण असलेली आडवी बाटली जिंकली आणि त्या दिवशी कुशाबाईंची ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघाली. तेव्हापासून तालुक्यात कुठंही दारूबंदीची सभा असली की भाषणाला कुशाबाई. घरात बाटलीचं नाव काढायची सोय नव्हती.

वाटेत नवऱ्याचा, ज्ञानेशचा, फोन आला.

"अजून फिरतीयसच? कुणी बघितलं म्हंजे?"

"बघू देत."

"आईच्या नावाचा तरी इचार कर."

"नावाचाच केला आपण आजपतोर," मोना म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसरा बार वालचंदनगर फाट्यावर. दारात पायरी नव्हती. ट्यूबलाइट लख्ख होत्या. खुर्च्या हाताच्या होत्या. मोनानं एक हलवून बघितली, डुगडुगली नाही. मालकानं संडासाची कडी स्वतः लावून दाखवली. गल्ल्यामागं खिळ्यांना गाड्यांच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या.

"ह्या कुणाच्या?"

"ज्यांना चढली त्यांच्या. सकाळी येऊन नेत्यात. आन् हितं दोनाच्या वर पेग मिळत न्हाय. रागावून जात्यात, परत येत्यात." मालक थांबला. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "तू कुशाबाईची सून न्हवं?"

मोनानंही त्याला ओळखलं. गावातलं दुकान ह्याचंच होतं. दत्तोबा.

"व्हय, तात्या."

"मग चालती हो." दत्तोबा हसला, पण हसण्यात काही नव्हतं. "सासूनं माझं दुकान उठवलं, आन् सून गिऱ्हाईक घिऊन आली? रविवारी इंदापुरात सभा हाय तिची. हात गळ्यात बांधलाय, तरी थांबाना."

"गोठ्यात घसरल्या."

"ज्ञानेश प्यायला लागला व्हय? चांगलं पोरगं होतं."

"फरशी ओली असती का संध्याकाळची?"

"मी काय इचारतोय?"

"आन् मी काय इचारतीय?"

वेटर रावजी फडकं हातात धरून ऐकत उभा होता. त्याला हसू आलं. "न्हाय ओली, ताई. पाचलाच पुसतो मी."

मोना खुर्चीवर बसली. "तात्या, दुकान बंद झालं. पिणं न्हाय झालं. मोटारीच्या खोलीत एकटंच बसून पितंय आमचं माणूस. तितं साप हाय, उघड्या वायरी हायत. एक दिवस तितंच मरून पडंल, आन् गाव म्हणंल शॉक बसला. मला ते नको. पुढच्या दारानं यायचं, उजेडात बसायचं. तुमी मोजून द्यायचं, मी घरी न्यायचं."

"सोडायला सांग की."

"सांगितलं. सुटंना. आदी चारचौघांत कबूल तर होऊ दे. मग सोडायचं बगू."

"लाज न्हाय वाटायची?"

"चोरून पितंय तवर लाज. उघड्यावर काय उरती?"

दत्तोबानं खिळ्यावरची एक वाकडी किल्ली सरळ केली. "आन् तुझी सासू मोर्चा घिऊन आली तर?"

"मोर्चा येणार न्हाय. हमी माझी."

"बुधवारी ये," तो म्हणाला. "गर्दी कमी असती. पंख्याखालचं टेबल ठेवतो."

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता रावजी दारातून ओरडत आत आला. "मालक, कुशाबाई! कुशाबाई आली!"

दत्तोबा उठला. पाच गिऱ्हाइकं होती. दोघांनी पेले टेबलाखाली घेतले, एकानं व्हिडिओ काढायला मोबाइल उचलला. रावजीचा हात शटरला गेला होता. कुशाबाई त्याच्या बाजूनं आत आल्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. मागं मोना.

"हमी दिली हुतीस तू!" दत्तोबा मोनावर ओरडला. मग कुशाबाईंकडं वळला. "पोलीस कुठं हायत? बोलवा. लायसन्स हाय माझ्याकडं. हितनं न्हाय उठणार मी."

"पोलीस कशाला?" कुशाबाई म्हणाल्या.

पंख्याखालच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी खुर्ची ओढली. बसल्या. प्लास्टरचा हात खुर्चीच्या हातावर टेकवला. दत्तोबाकडं वर बघितलं.

"दोन पेग. साध्या पाण्यात. तिसरा मागितला तर देऊ नगंस."

मोबाइल धरलेल्या माणसानं तो हळूच खाली घेतला.

"खाली कशाला घेतोस?" कुशाबाई म्हणाल्या. "काढ की. तोंड नीट येऊ दे."

इंदापूरची सभा रविवारी सकाळी दहा वाजता आहे. मुख्य वक्त्या अजून कुशाबाईच आहेत.