मासेमारीची रजा

पत्नीच्या अंत्यविधीनंतर ओहायोतल्या आमच्या कारखान्यात मी परतलो, तो थेट आमच्याच कामगारांतून नव्यानं मुकादम झालेल्यांच्या वर्गावर. विषय होता, माणसं काम का करतात? फळ्यावर मी पहिला सिद्धांत लिहिला: माणूस मुळात कामचुकार असतो, पैशाच्या लोभानंच राबतो. उदाहरण म्हणून पुढच्या बाकावरच्या वेन्डेलला छेडलं, “काय रे, यंदा मासे धरायला तळ्यावर गेला नाहीस? ओव्हरटाइमची चटक लागली वाटतं!” कुणीच हसलं नाही. कारखान्यात रजांचा हिशेब बघणारी लोरेटा दारातून म्हणाली, “बॉस, तुझी रजा कधीच संपली होती. तरी पगार कसा येत राहिला? या सगळ्यांनी आपापल्या पगारी रजेतले दिवस तुझ्या नावावर करून दिले, म्हणून तू इस्पितळात तिच्याजवळ बसू शकलास. वेन्डेलनं तर सगळेच दिले.” मला मान वर करवेना. “सोड रे,” वेन्डेल म्हणाला. “मासे काय, पुढच्या वर्षीही असतील.” मी तळहातानं फळा पुसला.