मार्थाबाईंची रीत

जुन्नरच्या चर्चमध्ये पाळकांनी प्रत्येकाला सुवार्ताप्रसाराची रीत निवडायला सांगितली. कुणी पत्रकं घेतली, कुणी गाणी. बोलायला घाबरणाऱ्या मार्थाबाईंनी रुग्णसेवा निवडली. अंथरुणाला खिळलेल्या धोंडाबाईंच्या पाठीवरच्या जखमा त्या रोज धुवायच्या. एकदा त्या जखमा धूत असताना धोंडाबाईंचा मुलगा संपत पुण्याहून आला. दाराला कडी लावून त्यानं मोबाइल मार्थाबाईंसमोर धरला. "आईला बाटवायला येतीस व्हय?" "ती कुटं बोलती?" धोंडाबाई कण्हल्या. "मीच इचारते, तिचा देव काय म्हणतो." "मग सांगू दे. शूटिंग चालू हाय," संपत म्हणाला. मार्थाबाईंनी फडकं पिळलं. "आधी यांना कुशीवर घेऊ. तुमी खांदा धरा." मोबाइल ठेवून संपतनं आईला धरलं. जखमा पाहून त्यानं त्या धुऊन होईपर्यंत खांदा सोडला नाही. त्यानं कडी काढली. "उद्या किती वाजता येणार?" बोलावणं की धमकी, मार्थाबाईंना कळेना. "दहाला," त्या म्हणाल्या.