पथ्य सुटलं

आहारशास्त्र शिकणारी लेक ज्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ट्रेनिंगला होती, तिथेच वरच्या मजल्यावर किडनीच्या वॉर्डात तिचे बाबा होते. त्यांना मीठ बंद, केळं बंद, आणि बटाटा दोनदा उकडून, त्याचं पाणी फेकून. "बटाट्याचा जीव गेल्यावर मला वाढतेस होय गं, फौजदारबाई?" ट्रे समोर आला की ते रोज कुरकुरायचे. आई पर्समध्ये मिठाची पुडी लपवून आणायची आणि लेक दारातच झडती घेऊन ती काढून घ्यायची.

आज मोठे डॉक्टर बाबांना तपासून गेले. थोड्या वेळाने खाली स्वयंपाकघरात ट्रेनिंगच्या मॅडमनी बाबांचा ट्रे तिच्या हातात दिला. त्यात मीठदाणी होती, केळं होतं.

"आता त्यांना आवडेल ते द्या म्हणालेत," मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

बाबांनी केळं सोललं आणि अर्धं आईच्या हातावर ठेवलं. "बघ, सुटलं की नाही पथ्य? उगाच सुटतं का? बरा झालोय मी. आता तरी हस की गं." आईने डोळे पुसत देवाचे आभार मानले. लेक हसली.



'रुग्णाचं पथ्य पूर्णपणे केव्हा सोडावं?' हा प्रश्न तिला गेल्याच परीक्षेत आला होता, आणि 'उपचारांचा काही उपयोग उरला नसेल तेव्हा' या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.