दोन्ही बाह्या डाव्या

दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या, तेव्हा पावणेपाच वाजले होते. पाच वाजता नर्सबाई ड्रेस अंगाला लावून बघायला येणार होत्या आणि उद्या सकाळी त्यांची हेड नर्सच्या जागेसाठी मुलाखत होती.

एक बाही कापली की नमुन्याचा कागद उलटा करून दुसरी कापायची. टेलरबाईंच्या तेरा वर्षांच्या लेकीनं कागद तसाच ठेवून कात्री चालवली होती. कापडाची सुलट बाजू वेगळी, त्यामुळे बाही फिरवून लावायचीही सोय नव्हती. कापड उरलं होतं जेमतेम वीतभर.

"मी सांगते, माझ्या हातून झालं म्हणून," आजी म्हणाली. "म्हातारीला कोण बोलतंय?"

"नको."

"अगं, लहान आहे ती."

"कात्री मागताना मोठी होती," टेलरबाई म्हणाल्या.

मुलीचे डोळे भरले. "आई, तू सांग ना. तुझं ऐकतात त्या."

"तू सांगायचंस. मी इथेच आहे."

नर्सबाई पाच मिनिटं आधीच आल्या. आजीनं तोंड उघडलं, तसा टेलरबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"बाह्या चुकल्या," मुलगी आजीच्या आडून म्हणाली. "दोन्ही डाव्या कापल्या. मी कापल्या."

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पोरीला पुढे करताय होय? लेकराला काही बोलणार नाही, म्हणून? दुकान तुमचं ना?"

टेलरबाईंचा चेहरा लालबुंद झाला. चार शब्द सुनवायला त्या कुणाला कमी नव्हत्या, पण गिळले.

"दुकान माझं," त्या म्हणाल्या. "जबाबदारीही माझी."

आपल्या आईला असं कुणी बोललेलं मुलीनं कधी ऐकलं नव्हतं. ती आजीच्या आडोशातून बाहेर आली.

"तिला नका बोलू. कागद फिरवलास का, असं तिनं विचारलं होतं. मी न बघताच हो म्हटलं."

आता नर्सबाईंनी मान वळवली. "मग उद्या मी काय घालू? सांग."

सवयीनं मुलगी आईकडे बघायला लागली. उत्तर टेलरबाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या खाली मान घालून सुई शोधायला लागल्या. आजी पुटपुटली, "दगड आहेस नुसती."

मग मुलीनं उरलेला तुकडा टेबलावर पसरला, हातानं सरळ केला, टेप लावला, पुन्हा लावला.

"अर्ध्या बाह्या होतील," ती म्हणाली. आवाज अजून ओलाच होता. "आधी कागदावर कापून दाखवते. तुम्ही हो म्हणालात तरच कापड कापीन. हात जरा पुढे करता?"

नर्सबाईंनी घड्याळात पाहिलं, पर्स खाली ठेवली आणि हात पुढे केला.

मुलगी माप घ्यायला लागली. मागे टेलरबाईंचा दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.