वास गेला तेव्हा

"नाक गहाण टाकलंस काय गं?" गिऱ्हाइकानं कालचे सुके बोंबील हौसाच्या पाटीत परत आदळले. हौसानं एक उचलून हुंगला. बोंबील कुजका होता, पण तिला कसलाच वास येईना. परवा नवऱ्यानं तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं होतं. त्यात वासही गेला, हे तिला आत्ता कळलं.

तिला धडकीच भरली. नवरा कितीही प्यायला तरी सरळ चालायचा, गोड बोलायचा. दारूचा भपका आला की ती लेकीला, शेवंताला, मागच्या दारानं शेजारी पिटाळायची आणि मार एकटीच खायची. आता कळणार कसं?

संध्याकाळी तो हसतच आत आला. "काय राणी, कालवण कसलं केलंयस?"

हौसानं हळूच हुंगून पाहिलं, पण काहीच कळेना. ती ताट वाढायला वाकली, तशी शेवंता तिच्या कानाशी लागली. "आई, वास येतोय. मी जाऊ शेजारी?"

आठव्या वर्षी पोरगी आईचं काम शिकली होती. हौसाच्या डोक्यात तिडीक गेली.

"कुठं जायचं नाही. माझ्या मागं उभी राहा."

"काय कुजबुजता गं?" म्हणत नवऱ्यानं हात उगारला. हौसानं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि सगळं बळ एकवटून त्या मनगटावर हाणला.

हाड मोडल्याचा आवाज मात्र तिला लख्ख ऐकू आला.