तिसरा हिस्सा

“निधीचं शिक्षण अर्ध्यावर सोडायचं नाही. शब्द दे मला.”

विजय हे बोलला त्याला चार वर्षं झाली. रियाधच्या ज्या हॉस्पिटलात तो वारला, तिथेच त्याची बायको सरोज अजून नर्स होती. आज पुण्याच्या कॉलेजचा मेल वाचताना तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला. निधीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मात्र मागितली होती त्याच्या निम्मीच मंजूर झाली होती. उरलेली फी जुलैअखेर भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला.

“इट्स ओके, आई. मी एक वर्ष ड्रॉप घेते.”

“आणि वर्षभर काय, एसीखाली लोळणार?”

निधी हसली. सरोज हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती निधीला घेऊन हॉस्पिटलच्या एचआर ऑफिसात गेली. तिचं ठरलं होतं. नोकरी सोडायची, लेकीबरोबर पुण्याला जायचं, आणि नोकरी सुटताना जी ग्रॅच्युइटी हातात पडेल तिच्यातून फी भरायची.

हुसेनमियाँ मूळचे हैदराबादचे, सगळ्या नर्सेसचे कागद त्यांच्याच टेबलावरून जात. त्यांनी स्क्रीनकडे पाहून मान हलवली.

“सिस्टर, दस साल पूरे नहीं हुए. अभी छोड़ोगी तो तीसरा हिस्सा कट जाएगा.”

जेवढा कटणार होता, जवळपास तेवढेच पैसे फीला कमी पडणार होते.

तेवढ्यात केरळची एक तरुण नर्स लाडूंचा डबा घेऊन आत आली. नुकतंच लग्न झालेलं, नोकरी सोडून ती नवऱ्याकडे दुबईला चालली होती.

“इसका कुछ नहीं कटा,” लाडू तोंडात टाकत हुसेनमियाँ म्हणाले. “शादी के छह महीने के अंदर औरत छोड़े, तो पूरा मिलता है. यहाँ का कानून है. आप लेट हो गईं, सिस्टर!”

निधीला त्यांचा राग आला. सरोजने लाडू नुसता रुमालात बांधून घेतला. संकष्टी होती.

संध्याकाळी चिपळूणहून मामीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

“एवढे पैसे ओतून शेवटी पोरीचं लग्नच ना करायचंय? तुमच्या त्या कमलाकरांचा भाचा आहे की. शर्विल. तिथेच रियाधला बँकेत आहे, एकुलता एक आहे.”

“बघते, वहिनी,” सरोज म्हणाली.

भाजी निवडणाऱ्या निधीचा हात थांबला. आई एरवी अशा वेळी सरळ ‘नाही’ म्हणायची.

त्याच आठवड्यात शुक्रवारी कमलाकर घरी आले. ते हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. विजयच्या आजारपणात रात्री-अपरात्री गाडी काढणारा हा एकच माणूस. निधी त्यांना काका म्हणायची. आज मात्र ते तिच्याशी धड बोलले नाहीत. सरोजने निधीला चहा ठेवायला पाठवलं, आणि चहाच्या उकळीआडून निधीने कान दिला.

“दूतावासात लग्नाची नोटीस लावली की महिना थांबावं लागतं,” कमलाकर म्हणत होते. “निधीला अठरा पूर्ण झालीत ना?”

“मार्चमध्ये.”

“मग अडचण नाही. तिला सांगितलंत?”

“आत्ता नको. ती नाहीच म्हणेल. आधी पक्कं होऊ दे.”

निधीने गॅस बंद केला. चहा कपात ओतताना बशीत सांडला.

त्या महिन्यात घरात कमी बोललं गेलं. कपाटात एक मोतिया रंगाची साडी आली, बारीक जरीची. शर्विल दोनदा येऊन खालूनच कागद देऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्याने गाडीतून निधीला हात केला. तिने खिडकीचा पडदा ओढला.

“आई, ती साडी कोणासाठी?”

“आहे एका कामासाठी.”

“कॉलेजचं काय झालं?”

“फी भरली जाईल. तू बॅग भरायला घे.”

“कसली बॅग? कुठे जायची बॅग?”

सरोज उठून देवाजवळ गेली. स्वयंपाकघरातल्या कपाटात गणपती होता. दिवा लावल्यापासून स्तोत्र संपेपर्यंत ती शब्द उच्चारत नसे. हा तिचा रोजचा नेम, आणि निधीला तो त्या दिवसांत फार सोयीचा वाटू लागला होता. आईच्या सोयीचा.

महिना संपला त्या सकाळी निधी उठली तेव्हा देवाचं कपाट उघडं होतं. दिवा लागला होता, आई डोळे मिटून पुटपुटत होती.

“आज आहे ना ते?” निधी म्हणाली.

सरोजने डोळे न उघडताच हात जोडले.

“बाबा असते तर तुझी हिंमत झाली असती?”

सरोजचे ओठ क्षणभर थांबले. मग पुढची ओळ सुरू झाली.

निधी खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. बाहेर पावलं फिरली, बांगड्या वाजल्या. खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. शर्विलचीच गाडी होती. तो नव्या शर्टात, बाहेर उभा राहून वर पाहत होता.

दारावर टकटक झाली.

“निधी, चल बाळा. वेळ दिलीये त्यांनी.”

“मी येणार नाही. मला ओढत नेलंस तरी सही करणार नाही. ऐकतेयस? कोणाच्याही बापासाठी करणार नाही!”

“दार उघड आधी.”

ती दाराशी गेली. भांडायचंच तर तोंडावर भांडायचं, म्हणून तिने कडी काढली.

मोतिया साडी आईच्या अंगावर होती. केसांत गजरा होता, चार वर्षांत पहिल्यांदा.

“सही तुला करावीच लागेल,” सरोज हळू आवाजात म्हणाली. “साक्षीदार तीन लागतात. शर्विल आणि हुसेनमियाँ खाली थांबलेत, तिसरी तू. कमलाकर दूतावासात पोचलेसुद्धा. आज लग्न लागलं की उद्या राजीनामा देते, मग तिसरा हिस्सा कटत नाही.” आणि निऱ्या सावरत ती जिना उतरू लागली.